बिलात न धरलेला तास

इश्नाख टेकडीच्या पायथ्याशी
डिम्पना गॅव्हिगनच्या गोठ्याची भिंत
दर हिवाळ्यात पडते. एकाच जागी,
दाराच्या डावीकडे, दीड हात.
फोनवर ती एवढंच म्हणाली,
"पुन्हा बसली खाली."
जणू भिंत नव्हे, म्हातारी गाय.

मी चुन्याशिवाय भिंती रचते.
दगड हातात घेतला की कळतं
त्याला कुठल्या कुशीवर झोपायचंय.
हे मात्र कूस बदलत राहतात.
"आजेसासऱ्यांनी टेकडीवरून आणले," ती सांगते,
"गाढवावर लादून, रात्रीचे."

रात्रीचे का, ते मी विचारत नाही.
इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे:
संत आला, त्याला कुणी थारा दिला नाही.
शाप ओठांवर आला होता, शिष्य मध्ये पडला,
म्हणून माणसं वाचली आणि दगडांवर निभावलं.
यांची भिंत टिकणार नाही.
यांनी नेम लागणार नाही.
तापवून टाकले तरी अंघोळीचं पाणी
कोमटसुद्धा होणार नाही.

अंघोळीच्या पाण्यापाशी मला दर वेळी हसू येतं.
एवढा मोठा संत,
आणि राग न्हाणीघरापर्यंत पोचलेला.

दुपारी डिम्पना चहा आणते, जाड लोण्याचा पाव,
उलट्या बादलीवर बसते
आणि मला माहीत असलेलंच सांगते,
पण वरच्या आळीत काल घडल्यासारखं:
मीधेनं तिथे पहिली आग पेटवली.
सात वर्षं विझली नाही.
घरटी एक पोतं धान्य, एक डुक्कर, हा त्याचा हक्क.
बाकीचे पुरोहित कुरकुरले.
त्यानं त्यांच्या जिभा छाटल्या,
टेकडीत पुरल्या,
आणि त्याची आई वर जाऊन बसली.
"असल्या कामाला शेवटी आईच लागते," डिम्पना म्हणते
आणि बादलीवर जरा सावरून बसते.

चौथ्या दिवशी मी पाया उकरते.
कारण सापडतं. झरा. करंगळीएवढा.
थंडीत गोठतो, फुगतो, भिंतीला ढुशी देतो.
मी चर खणते, खडी भरते, तिला बोलावून दाखवते:
शाप नाही, पाणी.
"हं," ती वाकून बघते. "आणि पाणी इथेच का?"

याचं उत्तर माझ्या अवजारांच्या पिशवीत नाही.

सहाव्या दिवशी भिंत पुरी होते, एक दगड उरतो.
तांबूस, टोकाला निमुळता, मधोमध पन्हळ.
नऊ जागी बसवून पाहिला.
नऊ वेळा त्यानं शेजाऱ्याला ढकललं.
एरवी मी असला दगड फोडून खडीत घालते.
हातोडा उचललाही.

उद्या मे महिना लागतो.
वर लाकडं रचून झालीत, पोरं ताडपत्री ओढताहेत.
म्हणे पूर्वी या रात्री
देशभरच्या चुली विझवून लोक अंधारात बसत,
इकडे तोंड करून,
आणि दोन आगींमधून गुरं हाकत.
डिम्पनाची गुरं धुराआधीच कान टवकारून उभी.

मी दगड कोटात गुंडाळते आणि चढते.
धाप लागते. कुंपणाची तार पोटरीला ओरखडा काढते.
वर मांजरशिळा, उंदरावर दबा धरल्यासारखी.
तिच्याखाली एरू झोपलीय.
परके आले, तिनं त्यांच्याकडे एकच मागितलं:
या भूमीला माझं नाव राहू द्या.
त्यांनी शब्द पाळला.
देशाला तिचं नाव,
आणि तिच्या अंगावर हा धोंडा.

मी माझा दगड गवतात ठेवते.
तो पहिल्याच खेपेला बसतो,
डुगडुगत नाही. मी पायानं हलवून पाहते.

खाली डिम्पना पाकीट घेऊन उभी असते.
माझ्या गुडघ्यांवरचा चिखल बघते,
वरचा चिखल काळा, तिच्या अंगणातला पिवळा.
काही बोलत नाही.

बिलात सहा दिवस लिहिले,
खडीच्या दोन गाड्या लिहिल्या.
तो तास धरला नाही.